शुगर लपवायची, आणि पाच वर्षं वाट बघायची?

रविवारी सकाळी सकाळी आत्याचा फोन. "अरे, मेडिक्लेमच्या फॉर्मात शुगर लिहायची नाही म्हणे. सोसायटीच्या ग्रुपवर आलंय." आत्या ६६ वर्षांची, मधुमेह १२ वर्षांचा, आणि कोरा फॉर्म समोर टेबलावर. 'एजंट कधीच सांगणार नाही अशी मेडिक्लेमची गुपितं' हा मेसेज मलाही तीनदा आला होता, मी न वाचता पुसला होता. या वेळी वाचला आणि डोकं फिरलं.

सगळ्यात मोठं गुपित असं: 'जुना आजार लिहू नका. पाच वर्षं प्रीमियम भरा. मग कंपनीला क्लेम नाकारताच येत नाही.'

पाच वर्षांचा नियम आहे, हे कबूल. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालली की 'माहिती दडवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण त्याच नियमात अपवाद दिलाय: सिद्ध झालेली फसवणूक. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं तेवढंच गाळलं. एखादी गोष्ट लिहायची राहून जाणं वेगळं. रोज गोळ्या घेत असताना 'मधुमेह आहे का?' पुढे 'नाही'वर खूण करणं वेगळं.

आणि लपवून मिळतं काय? त्याच नियमांत, सांगितलेल्या जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३६ महिने आहे. म्हणजे खरं लिहिलं तर तीन वर्षं, खोटं लिहिलं तर पाच, तीही जीव मुठीत धरून. हा फायदा कुठल्या पाढ्यात बसतो? शिवाय ती तीन वर्षं फक्त शुगर आणि तिच्यामुळे होणाऱ्या त्रासांपुरती. डेंगीचा खर्च पहिल्या ३० दिवसांनंतर मिळतो, अपघाताचा पहिल्या दिवसापासून. (मोतीबिंदू, हर्निया वगैरेंचं वेटिंग वेगळं, ते पॉलिसीत बघावं.)

बरं, लपेल तरी कसं? ॲडमिट होताना डॉक्टर विचारणार, "बीपी, शुगर?" आणि घाबरलेली आत्याच सांगणार, "बारा वर्षं झाली हो." ते केसपेपरवर चढतं, केसपेपर टीपीएकडे, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे जातो. मग साध्या न्यूमोनियाचा क्लेमही अडकतो, वर पॉलिसी रद्द होण्याची टांगती तलवार.

खरं लिहिलं की प्रीमियम वाढू शकतो, कंपनी नकोही म्हणू शकते, हे मान्य. पण ते 'नको' आज कळेल, आयसीयूच्या बाहेर उभं असताना नाही.

दुसरं गुपित, 'कॅशलेस म्हणजे खिशातून रुपया नाही.' हे आमच्या काकांना विचारा. पाच लाखांची पॉलिसी, रूमचं भाडं एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० पर्यंत. घेतली ८,००० ची रूम. वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. सर्जन, ओटी, व्हिजिट या सगळ्यांना रूमच्याच प्रमाणात, म्हणजे तीन-अष्टमांश कात्री लागली. १,६०,००० चे १,००,००० मंजूर. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, तेवढंच नशीब. रूम निवडण्याआधी पॉलिसीतली ती एक ओळ वाचा, बाकी नंतर.

'डिस्चार्जला मुद्दाम रखडवतात.' यावर भांडणार नाही. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आणि उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा आकारलं तर ते कंपनीनं सोसायचं, असं नियामक सांगतो. काकांना सकाळी अकराला सोडलं होतं, घरी पोचलो रात्री आठला.

'क्लेम नाकारला की कोर्टच.' साफ चूक. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यातही आहे. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांना फी नाही, वकील नाही. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्ष उलटू देऊ नका.

'क्लेम केला नाही तर पैसे बुडाले.' याला काय उत्तर द्यायचं!

शेवटी आत्यानं फोनवरच फॉर्म भरला. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचत गेली, स्पेलिंग मी सांगत गेलो. मग जरा थांबून म्हणाली, "थायरॉइडची पण लिहू का रे? ती तर एवढीशी गोळी आहे."

लिही म्हटलं.