कोच हाकला, फॉर्म परत येईल म्हणे!

मोठा फुटबॉल क्लब लागोपाठ तीन मॅच हरला की एक मेसेज फिरायला लागतो. क्लबचं नाव तेवढं बदलतं, बाकी मजकूर तोच. कोचला आजच्या आज हाकला, नवा आला की फॉर्म परत येतो. सहा मॅच गोल नाही म्हणजे स्ट्रायकर संपला, विका त्याला. कोच फर्ग्युसनला सात वर्षं दिली होती, म्हणून तर मँचेस्टर युनायटेड मोठी झाली. गोलकीपरपासून छोटे पास हा शुद्ध मूर्खपणा. बॉल ज्याच्याकडे जास्त वेळ, तोच खरा विजेता. आणि शेवटी, खेळाडूंच्या इन्स्टाग्रामवर जाऊन असं सुनवा की रात्रीची झोप उडाली पाहिजे.

इतके दिवस वाचून सोडून देत होतो. यावेळी भाच्याने पाठवला, वर "मामा, एकदम करेक्ट लिहिलंय" असा शेरा. पोरगा चौदा वर्षांचा आहे, आणि शेवटच्या सूचनेप्रमाणे दोन कमेंट टाकूनही मोकळा झालाय. म्हणून हे लिहितोय.

आधी कोच हाकलण्याबद्दल, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. कोच बदलला की निकाल सुधारतात, हे दिसतं खरं. पण कोच कधी बदलतात? संघ तळाला लागला की. म्हणजे चार मॅचमध्ये पोस्टला लागून बॉल बाहेर गेलाय, दोन बचावपटू जखमी आहेत, वेळापत्रकात वरच्या संघांशी सलग सामने आलेत, अशा वेळी. इतकं सगळं एकदम वाईट फार दिवस टिकत नाही. काही न करताही संघ थोडा वर येणारच असतो. ताप उतरायच्या बेतात असताना ज्याने शेवटची पुडी दिली, तो वैद्य गुणाचा ठरतो, तसं हे.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. बास तेर वेल नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या वरच्या लीगचे 1986 ते 2004 पर्यंतचे सीझन तपासले. घसरण झाल्यावर कोचला काढलेले संघ एका बाजूला, आणि तेवढीच घसरण होऊनही कोच न बदललेले संघ दुसऱ्या बाजूला ठेवले. काढणाऱ्यांचे निकाल सुधारले. न काढणाऱ्यांचेही तसेच सुधारले. फक्त पहिल्याच गटाकडे बघितलं तर नवा कोच जादूगार वाटतो. मेसेज लिहिणाऱ्याने दुसरा गट कधी बघितलाच नाही.

आकडेमोड नको असेल तर युनायटेडचंच घ्या, कारण भाचा युनायटेडवाला आहे. डिसेंबर 2018 मध्ये कोच मोरिन्होला काढलं तेव्हा संघ सहाव्या नंबरवर होता, पहिल्या नंबरच्या लिव्हरपूलपेक्षा 19 गुण मागे. सोल्शायर हंगामी कोच म्हणून आला आणि पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकला. स्वभाव गोड, क्लबचा जुना हिरो, सगळीकडे गाणी सुरू. त्या आठमधल्या पहिल्या चार मॅच कुणाशी होत्या? कार्डिफ, हडर्सफील्ड, बोर्नमथ, न्यूकॅसल. यातले पहिले दोन त्याच सीझनला खालच्या लीगमध्ये गेले. मार्चमध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबला 3-1 हरवून चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत) पुढे गेला, ती रात्र मात्र अस्सल होती, तिचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. 19 पैकी 14 जिंकल्यावर क्लबने त्याला कायम केलं. आणि मग? एव्हर्टनकडून 0-4. शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर कार्डिफकडून 0-2. हो, तोच कार्डिफ, ज्याला डिसेंबरात 5-1 ने धुतलं होतं, आणि जो तोवर खालच्या लीगमध्ये गेलेलाही होता. सीझन संपला तेव्हा युनायटेड कितवी? सहावी. पहिल्या नंबरपेक्षा 32 गुण मागे.

आता लंडनच्या चेल्सी क्लबवाले उठतील. मान्य. 2012 मध्ये मार्चला दि मातेओ आला आणि मेमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. 2021 मध्ये जानेवारीत टुकेल आला, मेमध्ये तोही जिंकला. हे खोटं नाही, आणि टुकेलने तर बचावाची मांडणीच बदलली होती, ते कोचचंच काम. म्हणजे कोच बदलून कधीच काही होत नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक. संघाच्या बांध्याला न जुळणारा कोच असतो, ड्रेसिंग रूम हातातून गेलेला कोच असतो. पण याच चेल्सीने दि मातेओला नोव्हेंबर 2012 मध्ये, करंडक आणून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, घरी पाठवलं. याच चेल्सीने सप्टेंबर 2022 मध्ये टुकेलला काढलं, पॉटरला आणलं, एप्रिलमध्ये पॉटरला काढलं, लॅम्पार्डला हंगामी आणलं. एका सीझनला इतके कोच, आणि नंबर बारावा. तो सीझन मेसेजमध्ये कसा नाही?

खर्चाचं तर नावच नको. युनायटेडने कोच टेन हागचा करार जुलै 2024 मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. त्याला आणि त्याच्या माणसांना निरोप द्यायला एक कोटी पौंडांच्या वर गेले. त्या सीझनला क्लब पंधरावा आला, 42 गुणांवर.

आणि फर्ग्युसन. ज्या मेसेजमध्ये वर "आजच हाकला" लिहिलंय, त्यातच खाली "फर्ग्युसनला सात वर्षं दिली" लिहिलंय. एक काहीतरी ठरवा ना! नोव्हेंबर 1986 मध्ये आलेल्या फर्ग्युसनच्या हाताखाली संघ 1989 मध्ये अकरावा आणि 1990 मध्ये तेरावा आला. हा मेसेज तेव्हा असता तर 1993 ची लीग आलीच नसती. अर्थात संयम ठेवला की प्रत्येकाचा फर्ग्युसन होतो, हेही खरं नाही. ज्यांना वेळ देऊन काही झालं नाही, त्यांची उदाहरणं कुणी फॉरवर्ड करत नाही.

स्ट्रायकरचं गणित तर फारच साधं आहे. 38 मॅचमध्ये 15 गोल करणारा, म्हणजे चांगलाच स्ट्रायकर घ्या. त्याच्या खेळात काडीचा फरक पडला नाही असं धरा. तरी नुसत्या योगायोगाने सीझनमध्ये कुठेतरी सलग सहा मॅच गोल न होण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त निघते. गोल रोज थोडे थोडे येत नाहीत, ते घोळक्याने येतात आणि मध्ये मोठी खिंडारं पडतात. म्हणून बघायचं ते हे की तो मोक्याच्या जागी पोचतोय का, शॉट मिळतायत का, मिळतायत ते पेटीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीच्या) आतून की पंचवीस मीटरवरून. एक्सजी नावाचा आकडा हेच मोजतो, म्हणजे मिळालेल्या शॉटमधून साधारण किती गोल व्हायला हवे होते ते. तो शिव्या द्यायला सोयीचा आहे, पण उपयोगाचाही आहे. शॉटच मिळत नसतील तर काळजी करा. मिळतायत आणि जात नाहीत, तर थांबा. आर्सेनलमध्ये तिएरी आँरी 1999 मध्ये आला आणि पहिल्या आठ मॅचमध्ये त्याचा एकही गोल नव्हता. सहाव्यालाच विकला असता! त्या सीझनअखेर त्याचे 26 गोल झाले आणि क्लब सोडला तेव्हा तो आर्सेनलचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता.

इन्स्टाग्रामच्या कलमावर मात्र विनोद करायची इच्छा नाही. जुलै 2021 मध्ये युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) फायनलला इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. साका तेव्हा 19 वर्षांचा होता. त्या रात्री तिघांच्या खात्यांवर वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. तो पाडणाऱ्यांनाही वाटत होतं की आपण चाहते आहोत, आपला हक्क आहे. याने कुणाचा फॉर्म सुधारतो, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. साका पुढे 2024 च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध बरोबरीचा गोल करून पुन्हा पेनल्टी घ्यायला उभा राहिला आणि मारली, पण ते शिव्यांमुळे नव्हे, शिव्या खाऊनही. भाच्याला कमेंट काढायला लावल्या. कुरकुर केली, पण काढल्या.

बॉलच्या ताब्याचं दोन ओळींत संपतं. 2016 मध्ये लीग जिंकलेल्या लेस्टरकडे सरासरी निम्म्याहून कमी वेळ बॉल असायचा. ताबा म्हणजे ताबा, गोल नव्हे.

मागून छोटे पास देण्याबद्दल मेसेजला अर्धे गुण देतो, नाइलाजाने. पासिंग जमणारा गोलकीपर आणि सेंटरबॅक (मधला बचावपटू) नसताना हे करणं आत्मघात आहे. रसेल मार्टिनच्या साउदॅम्प्टनने 2024-25 मध्ये तसं करून बघितलं. डिसेंबरात कोच गेला आणि सीझन 12 गुणांवर संपला. पण हेतू मूर्खपणाचा नाही. आपल्या पेटीत बॉल खेळवला की समोरचे दाबायला वर येतात आणि त्यांच्या मागे मैदान मोकळं होतं, ते मिळवायचं असतं. 2019 पासून गोलकिकचा पास सहकाऱ्याला पेटीच्या आतच घेता येतो, त्यामुळे हे आणखी सोपं झालं. लांब मारलेल्या बॉलवर बहुतेक वेळा समोरचा उंच सेंटरबॅकच हेडर जिंकतो. व्हिन्सेंट कोंपनीची बर्नली याच पद्धतीने खेळून 2024 मध्ये खाली गेली, तेव्हा तो कोच म्हणून संपला असं याच सुरात लिहिलं गेलं होतं. त्याच महिन्यात बायर्न म्युनिकने त्याला घेतलं आणि पुढच्या वर्षी तो बुंडेसलिगा (जर्मनीची वरची लीग) जिंकला. बायर्नच्या ऑफिसात हा मेसेज पोचला नसावा.