मधली सुट्टी तेवढी सोडा
मधल्या सुट्टीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाच मिनिटं पंख्याखाली, एवढंच मागणं आहे ओ! पण खिचडी वाढून होते न होते तोच ग्रुपवर निरोप : माहिती तात्काळ भरा. रोज! शिक्षण हक्क कायदा (२००९) शिक्षकाला आठवड्याचे ४५ तास सांगतो, तेही पाठाच्या तयारीसकट. ती तयारी करायची कधी?

आणि पोरांचं काय? पोर्शन राहिला की पहिली कात्री त्यांच्याच सुट्टीला. एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालचा वर्ग भट्टीसारखा तापतो. नळावर गेलेल्या पोरांना घोट घेईतो हाक. शेवटच्या तासाला त्यांचे डोळे मिटतात, मग आम्हीच ओरडतो.

परवा एका पोरीनं भरलेला डबा तसाच दप्तरात टाकला. "बाई, वेळच नाही मिळाला." पोटात कालवलं माझ्या.