बाहेर पाऊस आहे, थांब ना

नाताळ जवळ आला की इथे कॅनडात, मिसिसागात कुठल्याही दुकानात शिरा, तीच गाणी. आज दुधाच्या पिशव्या ट्रॉलीत टाकत होते आणि 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' लागलं. बाई घरी निघू म्हणतेय आणि पुरुष 'बाहेर थंडी आहे' म्हणत तिला थांबवतोय, असं ते युगलगीत; तो तिच्या मागेच लागतो म्हणून हल्ली अनेकींना खटकतं. ओळखीचे एक गृहस्थ, आपलेच मराठी, हसत म्हणाले, "ऐकून घ्या वहिनी, तुमच्या बायका यावरही बंदी आणतील." तुमच्या बायका! तेव्हापासून डोकं तडकलंय.

१९९८, पुणे, जुलै. ऑफिसातल्या एका सीनियरने फाइल द्यायच्या निमित्ताने घरी नेलं आणि मग सुरू, "धो धो कोसळतोय, थांब ना, चहा टाकतो." मी काय म्हणाले? आई काळजी करेल. बाबा गेटशी येऊन उभे राहतील. खालच्या काकूंचं तोंड कोण धरणार? गाण्यातली बाईही आई, बाप, भाऊ, बहीण, शेजारी सगळ्यांना मध्ये घालते हो! ती निदान एकदा सरळ नाही म्हणते. मला तेही जमलं नाही.

हो, माहीत आहे. गीतकार फ्रँक लेसरने १९४४ साली हे बायकोबरोबर पार्टीत म्हणायला लिहिलं. तिला थांबायचंच आहे, चारचौघांना सांगायला सबब हवीय. 'पेल्यात काय घातलंय' असं ती विचारते, तो तेव्हाचा ठरलेला विनोद. १९४९च्या ज्या सिनेमात हे गाणं आलं, त्यात तर दुसरी जोडी येते आणि बाईच पुरुषाला अडवते. मान्य. पण छापील स्वरलिपीत पुरुषाच्या ओळींना 'लांडगा' आणि बाईच्या ओळींना 'उंदीर' म्हटलंय, ते आम्ही नाही लिहिलं.

आणि थांबायचं असलेली काय, निघायचं असलेली काय, दोघी त्याच सबबी सांगायच्या. दुसरं काही बोलायला आम्हाला शिकवलं होतं कुणी?

बंदी कुणाला हवीय? २०१८मध्ये इथल्या सीबीसी रेडिओने गाणं काढलं, लोक ओरडले, काही दिवसांत परत लावलं. पुढच्या वर्षी जॉन लेजंड आणि केली क्लार्कसनने शब्द बदलून गायलं. अळणी आमटी. मला जुनंच आवडतं. भांडी घासताना गुणगुणते, घ्या.

कदाचित त्या सीनियरलाही वाटलं असेल, पोरगी लाजतेय. आत्ता लिहिताना पहिल्यांदाच हे मनात आलं.

पण मग दाराची वरची कडी कशाला लावली होती त्याने?

चहा अर्धा टाकून, कडी काढून पळाले. छत्री तिथेच राहिली. बाबा गेटशी उभेच होते. त्यांना सांगितलं, पीएमटीच्या बसमध्ये विसरले.