‘चार्ज’ आणि ‘प्रभार’ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार वि. वि.

‘चार्ज’ या इंग्रजी शब्दावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल प्रथम आभार. आपले चार आक्षेप आहेत. वीज, न्यायालय, कचेरी, बँक आणि रणांगण या सर्वांना एकाच शब्दात कोंबणे हे इंग्रजीचे दारिद्र्य असून मी त्याचे कौतुक केले, हा पहिला. ‘प्रभार’ हा प्रमाणित मराठी शब्द हाताशी असताना लेखभर ‘चार्ज’ लिहिणे हा आळस आहे, हा दुसरा. निदान विज्ञानात तरी एका संज्ञेला एकच अर्थ असतो याचा मला विसर पडला, हा तिसरा. आणि पोलीस आरोपीवर ‘चार्ज ठेवतात’ हे माझे वाक्य कायद्याच्या दृष्टीने चूक आहे, हा चौथा. चौथा आक्षेप पूर्णपणे मान्य असल्याने त्याच्यापासूनच आरंभ करतो.

पोलीस तपास संपवून न्यायालयाला अहवाल सादर करतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जात असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातो. या अहवालालाच आपण बोलण्यात ‘चार्जशीट’ म्हणतो. प्रत्यक्ष ‘चार्ज’ मात्र त्यानंतर, कागदपत्रे पाहून न्यायालय निश्चित करते, आणि आरोपीला तो वाचून दाखवून गुन्हा कबूल आहे का असे विचारले जाते. म्हणजे चार्जशीट दाखल झाली म्हणून चार्ज ठेवला गेला असे होत नाही. न्यायालय त्या टप्प्यावर आरोपीला दोषमुक्तही करू शकते. माझी ही गल्लत केवळ इंग्रजीमुळे झाली, असा बचाव मला करता येणार नाही, कारण मराठीतही ‘आरोपपत्र’ आणि ‘आरोपनिश्चिती’ या दोन शब्दांत तोच ‘आरोप’ बसलेला आहे.

आता दारिद्र्याविषयी. ‘चार्ज’चे मूळ लॅटिन ‘कारुस’ म्हणजे गाडा या शब्दात आहे. त्यावरून गाड्यावर ओझे लादणे असे क्रियापद झाले आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ हे त्याच घराण्यातले. ‘कॅरिकेचर’सुद्धा, कारण व्यंगचित्रात नाकाडोळ्यांवर जरा जास्तच माल लादलेला असतो. हे ओझे एकदा नजरेसमोर ठेवले की पुढचे अर्थ विखुरलेले वाटत नाहीत: माणसाच्या माथी गुन्हा लादला, कारकुनाच्या खांद्यावर काम लादले, जमिनीवर कर्ज लादले, बंदुकीत दारू ठासली. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास लायडनच्या काचपात्रावर, म्हणजे वीज साठवण्याच्या त्या काळच्या साधनावर, प्रयोग करताना वीज ‘भरण्या’साठी हाच शब्द वापरला, आणि अशी अनेक पात्रे एकत्र जोडल्यावर त्यांना तोफखान्यातला ‘बॅटरी’ हा शब्द दिला. आज आपण मोबाइल चार्जिंगला लावतो तेव्हा हे दोन्ही शब्द आपल्याजवळ असतात.

यात इंग्रजीचे कौतुक असलेच तर ते मराठीच्याही वाट्याला येते. बंदुकीत आपण ‘बार’ भरतो. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे, ज्यावरून आपल्याकडे ‘बारदान’ आले. आणि हा फारसी ‘बार’ व संस्कृत ‘भार’ एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. त्याच ‘भारा’वरून मराठीने ‘भारणे’ हे क्रियापद घेतले. मांत्रिक अंगारा भारून देतो, सभेत वातावरण भारलेले असते, आणि महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ‘दत्तमत’, म्हणजे मतदानाने मंजूर होणाऱ्या, खर्चाच्या शेजारी ‘भारित’ खर्च असतो, म्हणजे न्यायाधीशांच्या वेतनासारखा, ज्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. अंगारा आणि अर्थसंकल्प यांना एकाच धातूत बसवणाऱ्या भाषेने इंग्रजीला दरिद्री म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे होते. एक अर्थ मात्र आपल्याकडे स्वतंत्र राहिला, आणि त्याचा मला आनंद आहे: घोडदळाच्या ‘चार्ज’ला मराठीत ‘एल्गार’ आहे, आणि त्या शब्दात ओझ्याचा लवलेश नाही, नुसता वेग आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मला अधिक बोलायचे आहे. आपण सुचवता त्याप्रमाणे सर्वत्र ‘प्रभार’ लिहिला, तर एका शब्दाच्या अनेक अर्थांचा जो दोष आपण इंग्रजीच्या पदरी घालता, तोच मराठीत आणून ठेवल्यासारखे होईल. मुख्याध्यापक रजेवर गेल्यावर जे काम पाहतात ते ‘प्रभारी’ आणि इलेक्ट्रॉनवर असतो तो ऋण ‘प्रभार’, येथवर संदर्भाने निभावते. पण जुन्या पुस्तकांतला ‘विद्युतभार’ घेतला तर अडचण खरोखरची आहे, कारण वीजकंपनीचे ‘भारनियमन’ हे चार्जचे नसून लोडचे असते, आणि वजनालाही आपण भारच म्हणतो. ‘प्र’ हा उपसर्ग लावण्याचा खरा उपयोग हे तीन भार वेगळे करण्यात आहे. तो वेगळेपणा भौतिकशास्त्रात कमावून बँकेच्या दारात घालवण्यात काय हशील?

बँकेवरून एक प्रसंग सांगतो. बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका आजींनी मुलाच्या धंद्यासाठी घर तारण दिले होते. बँकेकडून आलेल्या पत्रात मालमत्तेवर ‘चार्ज’ असल्याचे वाचून त्या पर्स घेऊनच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “किती आहे तो चार्ज, आजच भरून टाकते.” त्यांना तो आकार किंवा शुल्क वाटला, आणि होता तो बोजा. तेथे ‘प्रभार’ छापलेला असता तर त्यांना ना शुल्क कळले असते, ना बोजा. ‘बोजा’ छापला असता तर पहिल्या वाचनातच कळले असते, कारण सातबाऱ्यावरील बोजा त्यांच्या माहेरी सर्वांना ठाऊक होता. कायद्याच्या पोटात आणखी बारकावे आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०० ‘चार्ज’ला गहाणापासून वेगळे काढते, तर कंपनी अधिनियम, २०१३ च्या व्याख्येत गहाणही चार्जमध्येच येते. म्हणजे एकाच देशाच्या दोन कायद्यांत हा शब्द दोन मापांचा आहे, आणि मराठी अनुवादकाने ते ध्यानात ठेवूनच शब्द निवडला पाहिजे.

विज्ञानातील एकार्थतेबद्दल थोडक्यात. विद्युतप्रभाराची व्याख्या काटेकोर आहे, यात शंका नाही. २० मे २०१९ पासून मूळ प्रभाराचे, म्हणजे एका इलेक्ट्रॉनवर असतो तेवढ्या प्रभाराचे, मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात इतके कूलोम (प्रभाराचे एकक) असे कायमचे ठरवून दिलेले आहे. परंतु त्याच भौतिकशास्त्रात प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या सूक्ष्म कणांना बांधून ठेवणाऱ्या बलासाठी ‘कलर चार्ज’ आहे, ज्याचा विजेशी संबंध नाही आणि रंगाशीही नाही. आणि बडोद्याजवळच्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम करणाऱ्याला विचाराल, तर त्याच्या लेखी चार्ज म्हणजे भट्टीत थराथराने टाकलेले बीड (ओतीव लोखंड), कोक आणि चुनखडी. त्याचे शास्त्रही शास्त्रच आहे.

आपण ‘प्रमाणित’ या शब्दावर भर दिला आहे, म्हणून बडोद्याची एक गोष्ट आठवली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत राज्यकारभाराच्या संज्ञांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश तयार होऊन १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी संज्ञेला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतले प्रतिशब्द दिले आहेत. शब्द ठरवण्याआधी शेजारच्या भाषांकडे पाहण्याची ती पद्धत मला अजूनही पटते. आमचे गुजराती शेजारी विजेला ‘वीजभार’, कचेरीत ‘हवालो’, न्यायालयात ‘तहोमत’ आणि जमिनीवर ‘बोजो’ म्हणतात. यातले दोन शब्द अरबीतून आले आहेत, त्याची त्यांना लाज वाटत नाही, आणि शब्दांची गल्लत होत नाही.

लेखभर ‘चार्ज’ लिहिला तो यासाठी, की लेख त्या शब्दाविषयीच होता. त्याचे जागोजागी भाषांतर केले असते तर दाखवायचे तेच झाकले गेले असते. पोलिसांविषयीचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. त्याच परिच्छेदात ‘लाठीचार्ज’ हा हिंदी वळणाचा शब्द आपल्या नजरेतून सुटला असावा. तेथे मी ‘लाठीमार’ केला आहे.