कॅबिनेटला कूलर लावू नका: 'सात रामबाण उपायां'ना उत्तर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दर्यापूरहून ताईचा फोन आला. भाच्याचा कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत होता आणि कॅबिनेटच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. "ग्रुपवर आलेले उपाय करून झाले रे त्याचे," ती म्हणाली, "आता तूच येऊन बघ." कुठले उपाय, असं विचारल्यावर तिने तो मेसेज मला पाठवला. 'घरी जोडलेला पीसी उन्हाळ्यात थंड ठेवण्याचे ७ रामबाण उपाय.' आधी तीन ग्रुपांतून तो माझ्याकडे येऊन गेला होता. तेव्हा मी काही बोललो नाही, याचं आता वाईट वाटतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बाजूचं झाकण काढून कूलर कॅबिनेटला भिडवून लावा. गरम हवा वर जाते, म्हणून सगळे पंखे हवा बाहेर फेकणारे बसवा. पंखे जितके जास्त तितका पीसी थंड. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये लावायचा लेप) नसेल तर पांढरी टूथपेस्ट चालते. पेस्ट दर तीन महिन्यांनी बदला. ८० अंशांच्या वर प्रोसेसर जळायला लागतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिक्विड कूलिंगशिवाय (द्रव फिरवून प्रोसेसर थंड करण्याशिवाय) गत्यंतर नाही.

पोराने दोन वर्षं पैसे साठवून, सुटे भाग मागवून हे मशीन स्वतः जोडलंय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, पुढे काच असलेलं कॅबिनेट, चार पंखे. शनिवारी अमरावतीहून गेलो तेव्हा खोलीत जे दिसलं त्याने माझा राग अनावर झाला. पोरावर नाही, तो मेसेज लिहिणाऱ्यावर.

सुरुवात कूलरपासून करतो, कारण बाकीच्या उपायांनी मशीन जातं, याने माणूस जाऊ शकतो.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो. हीटसिंक (प्रोसेसरवरचा पाकळ्यांचा धातूचा ठोकळा) आणि पंखा मिळून प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीत ४० अंश असतील तर मोजणी तिथून वर सुरू होते. हवा १२-१५ अंशांनी थंड मिळाली, तर प्रोसेसरचा आकडाही जवळपास तेवढाच उतरतो. आणि विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर तेवढा उतार सहज देतो. म्हणून व्हिडिओत आकडा पडताना दिसतो आणि लोकांचा विश्वास बसतो. मोठ्या डेटा सेंटरमध्येसुद्धा बाष्पीभवनाने हवा थंड करतात. पण तिथे पाण्याचा दर्जा सांभाळला जातो, थेंब अडवले जातात, हवेतला ओलावा सतत मोजला जातो.

दर्यापुरात कूलरमध्ये बोअरचं पाणी होतं. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या ज्या गावांना हे पाणी प्यावं लागलंय, त्यांना त्याची चव वेगळी सांगायला नको. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच राहतात. पुन्हा पाणी भरलं की आणखी क्षार येतात. पंधरा दिवसांत टाकीतलं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट होतं. कूलरमधून नुसती थंड हवा येत नाही, बारीक तुषारही येतात. भाच्याला मी कूलरच्या पुढच्या जाळीवर बोट फिरवायला सांगितलं. बोटाला पांढरी पूड लागली. मग टॉर्च लावून ग्राफिक्स कार्डच्या हीटसिंकच्या पाकळ्या दाखवल्या. तीच पूड. कार्डाच्या मागच्या बाजूला, सोल्डरच्या उघड्या टाक्यांवर, धुळीत मुरून तिचा करडा लेप झाला होता.

कुणी म्हणेल, चालू कॉम्प्युटर हवेपेक्षा गरम असतो, त्याच्यावर दव कसं धरेल? बरोबर आहे, दव धरत नाही. पण इथे प्रश्न दवाचा नाही, उडून येणाऱ्या खारट थेंबांचा आहे. थेंब वाळतो, मीठ उरतं, रात्री मशीन बंद असताना ते मीठ कूलरच्या दमट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओली क्षारट धूळ विजेला वाट देते. सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा अशाच खाल्ल्या जातात. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच मेसेजवाला सुखरूप आहे.

आता झिणझिण्या. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या युनिटमध्ये) आत येणाऱ्या विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. भिंतीतलं अर्थिंग धड असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर ती कॅबिनेटवर थांबते आणि आपण हात लावला की आपल्यातून जाते. एरवी ती नुसती मुंग्या आल्यासारखी वाटते. पण ताईकडे पत्र्याचा कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते, बोर्ड फरशीवर होता, फरशी ओली होती आणि ज्या सॉकेटला तो लावला होता त्याला अर्थिंगच नव्हतं. कूलरच्या मोटरमधून किंवा पंपातून करंट उतरला असता, तर तो त्याच बोर्डातल्या अर्थच्या तारेवरून कॅबिनेटवरही आला असता आणि पोराचा हात तिथेच असतो. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचतो आपण. त्यातही लहान मुलं असतात. 'कूलर भिडवून लावा' असं लिहिताना हे मनात येत नसेल, तर लिहूच नये.

वायरमनला बोलावून आधी अर्थिंग नीट केलं, त्यानंतरच मशीनला हात लावला. कूलर परत खिडकीत गेला, समोरची खिडकी उघडी ठेवली, कॅबिनेट झोताच्या बाहेर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झाकण लावून. खोली थंड झाली की पीसीला तीच हवा मिळते. कूलरचा फायदा घ्यायची रीत ही आहे.

झाकण काढण्याबद्दलही थोडं मान्य करतो. उघडं कॅबिनेट ही उत्तम तपासणी आहे, पण तो उपाय नव्हे. गेम चालू ठेवून दहा मिनिटं एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा, मग झाकण काढून पुन्हा दहा मिनिटं बघा. आकडा चांगला आठ-दहा अंशांनी पडला, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. फारसा हललाच नाही, तर दोष हीटसिंकच्या बसणीत किंवा पेस्टमध्ये आहे. हेच पुढची काच काढूनही करून बघा, कारण काचेच्या कडेला बोटभर फट ठेवून तीन पंख्यांना त्यातून श्वास घ्यायला लावणारी कॅबिनेटं बाजारात भरपूर आहेत. तपासणी झाली की झाकण परत लावायचं. उघड्या डब्यात धूळ फिल्टरशिवाय जाते आणि पुढून मागे वाहणारा झोत मोडतो.

"गरम हवा वर जाते, म्हणून सगळे पंखे बाहेर फेकणारे लावा." शाळेतलं अर्धवट विज्ञान. गरम हवा वर जाते हे खरंच, पण किती जोराने? फूट-दीड फूट उंचीचं कॅबिनेट आणि आत-बाहेर दहा अंशांचा फरक धरला, तर त्या उचलीचा दाब भरतो पास्कलच्या सहाव्या हिश्शाएवढा. साध्या १२० मिलिमीटर पंख्याचा दाब दहा ते वीस पास्कल असतो, म्हणजे साठ ते एकशेवीसपट. पंखा जिकडे ढकलेल तिकडे हवा जाते, वर, खाली, आडवी. सगळे पंखे बाहेर फेकायला लागले की आत हवा येणार कुठून? जिथे फट सापडेल तिथून. आणि फटींना जाळी नसते. दर्यापूर कापसाचं गाव आहे. जिनिंगच्या दिवसांत हवेत तूस असते आणि ती सगळी मागच्या पोर्टच्या फटीतून आत शिरून हीटसिंकवर गादीसारखी बसली होती.

आम्ही पुढचे दोन पंखे उलटे करून आत ओढणारे केले, मागचा आणि वरचा बाहेर फेकणारे ठेवले, आणि पुढच्यांचा वेग थोडा जास्त ठेवला, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. पंख्याची दिशा ओळखायची खूण: बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका असेल तर देवघरातली उदबत्ती आणा. जाळीपासून वीतभर लांब धरा आणि धूर कुठे वळतोय ते बघा. भाचा उदबत्ती घेऊन डब्याभोवती फिरला तेव्हा मागच्या बाजूला धूर बाहेर पडून, टेबलाच्या लाकडी पाठीवर आपटून, कडेने पुढे येऊन पुन्हा आत ओढला जाताना दिसला. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात होतं. स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा पुन्हा पीत होतं. सात रामबाण उपायांत कॅबिनेट ठेवायचं कुठे याबद्दल एक शब्द नाही! कप्प्यातून काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. त्याला खर्च शून्य.

पंखे जितके जास्त तितकं बरं, हेही मोजून बघू. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि बाकीचं मिळून ३०० वॅट उष्णता धरा. कॅबिनेटमधून मिनिटाला खरोखर ५० घनफूट हवा जात असेल तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे ११ अंशांनी गरम असते. १०० घनफूट केली तर साडेपाच. १५० केली तर पावणेचार. पहिल्या दुपटीने साडेपाच अंश मिळाले, पुढच्या ५० घनफुटांनी दोन अंशही नाहीत. दोन आत, एक बाहेर एवढ्यात बहुतेक मशीनचं भागतं. सातव्या पंख्याचे पैसे जाळीदार पुढच्या बाजूच्या कॅबिनेटसाठी ठेवा.

टूथपेस्ट. हीटसिंकचे चार स्क्रू सोडले आणि पुदिन्याचा वास आला. टूथपेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, मधोमध भेगा, कडेला पापुद्रे. हाही उपाय पहिल्या दिवशी 'चालतो', आणि कारण साधं आहे. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवणं एवढंच. हवा उष्णतेची फार वाईट वाहक, पाणी तिच्यापेक्षा वीसेक पटींनी बरं, आणि टूथपेस्टमध्ये भरपूर पाणी असतं. पण ७०-८० अंशांवर ते पाणी किती दिवस टिकणार? ते उडालं की भेगांत पुन्हा हवा. पोराचा पीसी बंद पडत होता तो यामुळे. शिवाय रायझन ५ ५६०० सारख्या, एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरला खालच्या बाजूला १३३१ बारीक पिना असतात. वाळलेल्या लेपाने हीटसिंक चिकटला आणि सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आम्ही हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवला. एवढा वेळ माझाही श्वास रोखलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी खरी थर्मल पेस्ट लावली. तिची ट्यूब काही शे रुपयांत मिळते.

दर तीन महिन्यांनी पेस्ट बदला, हे निरर्थक. चांगली पेस्ट काही वर्षं टिकते. आकडे चढायला लागले की बदला.

८० अंशांना प्रोसेसर जळतो, या भीतीपोटीच पोराने बाकीचे उद्योग केले, म्हणून हे नीट वाचा. एएमडीने रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश दिली आहे. इंटेलच्या कोअर आय५ १२४०० ला १०० अंश. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली तेव्हा एएमडीने स्पष्ट सांगितलं की जड कामात हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणं अपेक्षित आहे, त्यांची रचनाच तशी आहे. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद होतं. ज्यांनी तो बनवला त्यांचं मानायचं, की नाव नसलेल्या मेसेजचं? उन्हाळ्यात, गेम चालू असताना ८० दिसले तर घाबरू नका. काहीच चालू नसताना ७५ दिसले, तर मात्र डबा उघडा.

लिक्विड कूलिंगबद्दल फार लिहीत नाही. रेडिएटरमधूनही खोलीचीच हवा जाते. ६५ वॅटच्या प्रोसेसरला बरा हीटसिंक आणि पंखा पुरून उरतो.

संध्याकाळी खोलीत ३६ अंश होते. तासभर गेम चालवला, प्रोसेसर ७९ वर स्थिर राहिला आणि मशीन बंद पडलं नाही. ग्राफिक्स कार्डच्या पाकळ्यांतला पांढरा थर मात्र ब्रशने सगळा निघाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी परत जाणार आहे, तेव्हा कार्ड पूर्ण खोलून आतल्या टाक्यांना काय झालंय ते बघू. तोवर आमच्या घरच्या ग्रुपवर त्या मेसेजखाली भाच्यानेच जाळीवरच्या पांढऱ्या पुडीचा फोटो टाकलाय.