कोयनेचे पाणी आणि दाभोळची खाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

नववीच्या मुलांना दाभोळच्या खाडीत होडीतून नेल्याविषयीचा माझा लेख वाचून आपण कऱ्हाडहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. साताऱ्याच्या मुलांचा समुद्राशी संबंध काय, जे चित्रफितीत दिसते त्यासाठी होडीचा धोका कशाला, आणि ही ऐपत असलेल्यांचीच मौज नव्हे का, असे आपले तीन आक्षेप आहेत. शेवटच्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. खर्चामुळे वर्गातील काही मुले मागे राहिली आणि लेखात मी त्यांचा उल्लेखही केला नाही. ती चूक माझी.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. आपण प्रीतिसंगमाच्या गावचे. तेथे कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते, हे आपण वर्षानुवर्षे शिकवले असेल. पण त्याच कोयनेचे धरणात अडवलेले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, पोफळीच्या वीजगृहातील जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत पोहोचते. कृष्णा पाणी तंटा लवादाने या वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली. धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, यावरून प्रमाण लक्षात यावे. पावसाळा सरल्यावर कोकणातील बहुतेक नद्या आटत जातात, वाशिष्ठीला मात्र उन्हाळ्यातही गोडे पाणी मिळत राहते, आणि ते आपल्या जिल्ह्यातले असते.

मुलांनी हेच पाणी तपासले. बाटलीला दगड आणि तिच्या बुचाला वेगळी दोरी बांधून ती तळाशी सोडली व मग बूच ओढले. दुसरी बाटली वरच्यावर भरली. क्षारतामापकाच्या काचेवर थेंब ठेवले तेव्हा तळचे पाणी जास्त खारे निघाले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते जड असते आणि भरतीबरोबर गोड्या पाण्याखालून पाचरीसारखे आत शिरते, याची आकृती मी फळ्यावर अनेकदा काढली आहे. त्या दिवशी एका मुलीने विचारले, “म्हणजे वरचे आपले आणि खालचे त्यांचे का?” दोन्ही पाणी थोडेफार मिसळत असल्याने उत्तर ‘हो’ असे देता येत नव्हते, पण हा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता.

चित्रफितीबद्दल एवढेच म्हणेन की तिला वास नसतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण आत प्राणवायू नसल्याने तेथील जिवाणू सल्फेटवर भागवतात व हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याच कारणाने तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर येतात. वासाने नाक दाबलेल्या मुलांना ही मुळे समजावून सांगावी लागली नाहीत.

धोक्याविषयी आपण १८ जानेवारी २०२४ च्या वडोदऱ्यातील हरणी तलावाच्या दुर्घटनेची आठवण दिलीत, ती योग्यच आहे. तेथे १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक गेले; नौकेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. आम्ही धक्क्यावरच प्रत्येकाला जॅकेट चढवतो, क्षमतेपेक्षा कमी मुले बसवतो आणि खाडीच्या मुखाबाहेर जात नाही. तरीही पहिल्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. तो पौर्णिमेचा दिवस होता. होडी चालवणाऱ्या तांडेलांनी तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब सांगितला होता : पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्या सुमारास भरती आणि पुढे ओहोटी. (हा हिशेब स्थूल आहे, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि खाडीत आत ती उशिरा पोहोचते.) मी जेवणात वेळ घालवला आणि परतताना होडी गाळात रुतली. अंधार पडेपर्यंत आम्ही पाण्याची वाट पाहत बसलो. मुले खूश होती, मी नव्हतो. तेव्हापासून उधाणाच्या तिथी टाळून अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे लहान भरतीची, तिथी धरतो, कारण तेव्हा पाण्याची चढउतार कमी आणि ओढही सौम्य असते.

पुढची सहल माघातील शुद्ध अष्टमीला ठरते आहे. आपण यावे, अशी विनंती आहे. येताना प्रीतिसंगमावरील पाण्याची एक बाटली आणलीत, तर मुलांना ती दाभोळच्या दोन बाटल्यांशेजारी ठेवून पाहता येईल.