हँडब्रेक लावू नका, काका

मे महिन्यात खान्देशातल्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात: सावली आणि पन्हं. माझ्या सासूबाईंना नेमकं त्याच महिन्यात जावयाकडं यायचं सुचतं. त्यांची गाडी सकाळी साडेदहाची होती. आमच्याकडं मे महिन्यातले साडेदहा म्हणजे इतर महाराष्ट्रातली भर दुपार. पारा पंचेचाळिसाच्या घरात आणि डांबर मऊ.

स्टेशन कोणतं ते सांगत नाही. मला पुन्हा तिथंच गाडी लावायची आहे.

वाहनतळाच्या तोंडाशी एक पोरगा उभा होता. डोक्याला रुमाल, दातात पेन, हातात पावतीपुस्तक.

"किती?"

"तीस. दोन तासांचे."

"दरपत्रक?"

त्यानं पेनानंच दिशा दाखवली. रसवंतीच्या मागं एक बोर्ड होता खरा. पण त्याच्यावर कुण्या युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला. फ्लेक्सवर बत्तीस शुभेच्छुक मोजले, दर एकही दिसला नाही. फ्लेक्सच्या खालच्या कडेला मूळ बोर्डाची एकच ओळ शिल्लक होती: 'हुकुमावरून'.

तीस दिले. मग पोरगा जरा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "निंबाखाली लावायची आसंन तं वीस जास्त."

मी पाहिलं. अख्ख्या वाहनतळात निंबाचं झाड एकच, त्याच्या सावलीत चार गाड्या मावतील. जागा रेल्वेची, झाड कुणी लावलं ते देवाला ठाऊक, सावली सूर्याची, आणि वीस रुपये ह्याचे. पण उन्हात दोन तास तापलेल्या गाडीत सासूबाईंना बसवायचं, तर पुढचे पंधरा दिवस ऐकून घ्यावं लागतं. मी वीस दिले.

"सावलीची पावती?"

"सावलीची पावती नसती, काका."

गाडी लावली, हँडब्रेक ओढला, काच वर केली. तेवढ्यात काचेवर टकटक. "हँडब्रेक लावू नका, काका. न्यूट्रलला ठेवा. मागं दुसरी लागंन."

"मग माझी कशी निघणार?"

"ढकलू ना!"

हे 'ढकलू ना' त्यानं इतक्या आपुलकीनं म्हटलं की मला नकार देता आला नाही. गाडी न्यूट्रलला ठेवून मी फलाटाकडं निघालो. म्हणजे माझी गाडी आता कुणाच्याही हाताच्या जोरावर कुठंही जायला मोकळी होती, आणि तिची किल्ली तेवढी माझ्या खिशात होती.

फलाट तिकीट दहा रुपयांचं, तेही दोनच तास चालतं. बाकावर बसून मी पावती वाचायला काढली. आजवर पावती वाचली नव्हती, पण गाडी चाळीस मिनिटं लेट दाखवत होती आणि पेपर कुणीतरी नेला होता. पावतीच्या पाठीमागं बारीक अक्षरात नियम होते. वाहन मालकाच्या जबाबदारीवर. वाहनातील सामानाची जबाबदारी नाही. वाहनाच्या नुकसानीची जबाबदारी नाही. पावती हरवल्यास दंड. म्हणजे त्या कागदाच्या सुरक्षेची हमी मी द्यायची आणि पाच लाखांच्या गाडीची कुणीच नाही.

मला आमच्या गावचा गुराखी आठवला. गावची गुरं सकाळी तो घेऊन जाई. वर्षाला जनावरामागं ठरलेली दादर, म्हणजे ज्वारी, द्यायची, बस. एखाद्या संध्याकाळी गाय परत आली नाही तर तो जेवायला थांबत नसे, कंदील घेऊन नाल्यात उतरे. 'गाय मालकाच्या जबाबदारीवर' असं त्यानं कधी कुणाच्या गायीच्या पाठीवर लिहिलं नाही. त्याला लिहिताही येत नव्हतं म्हणा. जबाबदारी झटकायला आधी साक्षर व्हावं लागतं.

चाळीस मिनिटांचे सत्तर झाले, सत्तरचे शंभर. गाडी उशिरा आली की रेल्वे निदान खेद व्यक्त करते. दर पाच मिनिटांनी 'असुविधा के लिए खेद है' ऐकू येतं, आणि बाईचा आवाज इतका गोड की आपल्यालाच वाईट वाटतं. वाहनतळाला खेद नसतो. तिथलं घड्याळ मात्र भारतीय रेल्वेच्या आवारातलं एकमेव वक्तशीर घड्याळ आहे.

शेवटी सासूबाई उतरल्या. सोबत नंदुरबारच्या लाल मिरच्यांचं एक गाठोडं, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा आणि लोणच्याची बरणी. गाठोडं मी खांद्यावर घेतलं आणि लगेच शिंकायला लागलो. शिंकत शिंकत निंबाखाली आलो तर माझी गाडी तिथं नव्हती.

तिच्या जागी एक भलीमोठी पांढरी गाडी ऐसपैस उभी. नंबरप्लेटवर नंबर बारीक, 'अध्यक्ष' मोठं.

"जावाईबापू, गाडी आनी व्हती ना?" सासूबाईंनी विचारलं. ह्या प्रश्नात गाडीपेक्षा जावयाबद्दलची शंका जास्त होती.

गाडी सापडली. साठ-सत्तर फुटांवर, पाण्याच्या तुटक्या नळाशी, रखरखीत उन्हात. सरकत सरकत गेली होती म्हणे. मागचा डावा दिवा फुटलेला. स्टिअरिंगला हात लावला आणि काढला. त्याच्यावर कळण्याची भाकरी भाजली असती.

"ही सावली?" मी विचारलं.

"सकाळी व्हती ना काका सावली. ती फिरती, तिला आम्ही काय करनार?"

"आणि दिवा?"

त्यानं शांतपणे माझ्या हातातली पावती उलटी केली आणि पहिल्या नियमावर पेन ठेवलं. मग घड्याळ पाहिलं. "दोन तास दहा मिनिटं. अजून तीस."

आता सासूबाई पुढं झाल्या. मी ग्राहक संरक्षण, करार, नैसर्गिक न्याय वगैरे शब्द जुळवत होतो, त्यांनी सरळ अहिराणीत सुरुवात केली. "काबरं रे पोऱ्या, गाडी तू ढकली, उनमा तू लावी, दिवा तू फोडा, आनि पैसा आम्हीच देसूत का?"

पोरगा एकदम खाली आला. "माय, नही लिधा तं ठेकेदार मना पगारमाईन कापस."

सासूबाईंनी त्याला मूठभर बिबडे दिले आणि मला म्हणाल्या, "दी टाका." मी तीस दिले. बिबडेही गेले.

त्या रात्री आमच्या कॉलनीत वाहनधारकांच्या चळवळीची स्थापना झाली. आठ जण होतो. प्रत्येकाकडं एकेक किस्सा होता. एकाला दवाखान्याबाहेर पेशंटला उतरवायला तीन मिनिटं थांबल्याबद्दल पूर्ण दिवसाची पावती मिळाली होती. एकाची मोटरसायकल लग्नाच्या हॉलबाहेरून इतक्या आत ढकलली गेली की नवरी सासरी पोचली, तरी हा गाडी काढत होता.

माझे साडू वकील आहेत. ते म्हणाले, "मालकाच्या जबाबदारीवर असं छापलं म्हणून कुणी सुटत नाही. दिल्लीच्या एका बड्या हॉटेलातून १९९८ साली मारुती झेन गेली. गाडी लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाच्या, व्हॅलेच्या, हातात किल्ली दिलेली. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं, असं कलम दाखवून हॉटेलाला स्वतःच्या हलगर्जीपणातून हात झटकता येणार नाही."

"म्हणजे माझ्या दिव्याचे मिळतील?"

"किल्ली दिली होतीस?"

"नाही. पण हँडब्रेक काढला होता."

साडूंनी थोडा विचार केला. "हँडब्रेकवर अजून निकाल नाही." आणि तसंही १९९८ ते २०१९ ही एकवीस वर्षं झाली. माझी गाडीच तितकी टिकायची नाही.

तेवढ्यात मी इंग्लंडातल्या भाच्याला फोन लावला. म्हटलं, साहेबाच्या देशात काय पद्धत आहे ते निवेदनात घालू, वजन पडेल. भाचा आमच्याहून जास्त वैतागलेला निघाला. सुपरमार्केटच्या वाहनतळात ठरलेल्या वेळेपेक्षा थोडा जास्त थांबला, आणि पंधरवड्यात घरी शंभर पौंडांची नोटीस. आपले दहा हजारांवर. चौदा दिवसांत भरले तर साठ. तिथं दातात पेन धरलेला पोरगा नाही, कॅमेरा आहे. तो नंबरप्लेट वाचतो, आणि खाजगी कंपनी सरकारी खात्याकडून गाडीमालकाचं नाव-पत्ता अडीच पौंडात घेते.

"अडीच पौंड?" कॉलनीतले एक काका कळवळले. "आपल्याकडं पानटपरीवर फुकट सांगतात. वर हा माणूस कसा आहे तेही."

"मग तिथले लोक गप्प बसलेत?"

बसले नव्हते. तिथं ऑटोमोबाईल असोसिएशन आहे, ती १९०५ सालीच निघाली, तीही वेगमर्यादेसाठी दबा धरून बसणाऱ्या पोलिसांपासून मोटारवाल्यांना सावध करायला. अशा संघटना कितीतरी वर्षं ह्या कंपन्यांच्या मागं लागल्या आहेत. खाजगी जागेत जॅमर लावायला इंग्लंडात २०१२ साली बंदी आली. २०१९ मध्ये पार्लमेंटनं कायदाच केला, की सगळ्या पार्किंग कंपन्यांना एकच आचारसंहिता लावायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती आचारसंहिता छापून आली. बऱ्याच ठिकाणी दंड निम्म्यावर आणायचा, दहा मिनिटांची सवलत द्यायची, वसुलीच्या नावाखाली वर रक्कम चढवायची नाही. कंपन्या कोर्टात गेल्या. जूनमध्ये सरकारनं आचारसंहिता मागं घेतली. २०२५ च्या जुलैत नव्यानं जनतेची मतं मागवायला घेतली.

फोन स्पीकरवर होता. आठही जण ऐकत होते. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"म्हणजे," एक जण सावकाश म्हणाला, "तिथंही गाडी न्यूट्रललाच आहे."

तरी आम्ही निवेदन तयार केलं. दरपत्रक दिसेल असं लावावं, त्याच्यावर कुणाचाही वाढदिवस लावू नये. सोडायला-घ्यायला आलेल्यांना दहा मिनिटं माफ. रेल्वे लेट असेल तर तेवढा वेळ हिशेबात धरू नये. ढकललेल्या गाडीची जबाबदारी ढकलणाऱ्याची. सावलीचे वेगळे पैसे घेऊ नयेत, ही मागणी मात्र मी एकट्यानं मांडली आणि सात विरुद्ध एक अशी पडली. बाकीच्यांचं म्हणणं, पैसे घ्या, पण सावली तरी मिळू द्या.

निवेदन द्यायला गेलो तर कचेरीच्या आवारात गाड्या लावायला जागा नव्हती. आठ जण, आठ गाड्या. एका गाडीत सगळे मावलो असतो हे आत गेल्यावर सुचलं. साहेब मीटिंगमध्ये होते. आम्ही टपाल विभागात कागद दिला, पोच घेतली, पायरीवर फोटो काढला. निवेदनाचं एक टोक मी धरलं होतं, पण दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत माझा फक्त अंगठा दिसतो. तोपर्यंत बाहेर दोन गाड्यांना जॅमर लागला होता. एक माझी. दिवा अजून बदलला नव्हता, त्यावरून ओळखली.

सासूबाई पंधरा दिवस म्हणून आल्या होत्या, पाऊस पडल्यावर निघाल्या. पुन्हा तेच स्टेशन, तोच पोरगा. मला पाहून हसला. फोटो त्यानं पाहिला होता. अंगठ्यावरून कसं ओळखलं कोण जाणे. "निवेदनवाले काका ना?" त्यानं निंबाखाली जागा करून दिली, वीस मागितले नाहीत. पावसाळ्यात सावलीला भाव नसतो, ते सोडा.

सासूबाईंना गाडीत बसवून परत आलो तर तो माझ्या गाडीला टेकून उभा.

"काका, एक काम व्हतं."

"बोल."

"आम्हालाबी एक निवेदन लिहून द्या ना. तीन महिन्यांचा पगार नही दिला ठेकेदारनी. लेट झालेल्या गाडीचे पैसे आम्हीच भरतो, कोनी भांडून गेलं तं."

मी बॉनेटवर कागद पसरला, त्याच्याच दातातलं पेन घेतलं आणि 'प्रति, मा. साहेब' पासून सुरुवात केली. विषय, संदर्भ, मागण्या. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मधे मधे तो गाड्या लावून घेत होता, पाठीमागून त्याचा आवाज येत होता: हँडब्रेक लावू नका, काका. दोन पानं झाली. खाली त्यानं सही केली, मी पेन परत दिलं, गाडीत बसलो.

"काका," त्यानं पावतीपुस्तक काढलं, घड्याळ पाहिलं आणि जरा खाली मान घालून म्हणाला, "दोन तास झाले."